सूर्यशक्ति आणि सामान्य गृहस्थ

वैशाखाचे दिवस आले कीं महाराष्ट्रांतील घरोघरच्या गच्च्या आणि अंगणें धुतलेल्या पांढऱ्या कापडांनीं भरून जातात. त्यांवर पापड, कुरडया आणि सांडगे पसरलेले असतात. एका कोपऱ्यांत साखरांब्याची बरणी तोंडास फडकें बांधून उन्हांत ठेविलेली असते. आणि तान्ह्या बाळाच्या अंघोळीचें पाणी तांब्याच्या घंगाळांत तापत असतें. हें दृश्य इतकें नित्याचें आहे कीं, येथें एक प्रचंड शक्ति फुकट राबविली जात आहे असा विचारहि कोणाच्या मनांत येत नाहीं. निरभ्र आकाशांत सूर्य माथ्यावर असतां एका चौरस मीटर जागेवर सुमारें एक हजार वॅट एवढी शक्ति अखंड पडत असते. म्हणजे ज्या गच्चीवर दोन चटया वाळवण पडलें आहे, त्याच गच्चीवर घरांतील सगळे दिवे आणि पंखे चालवून उरेल इतकें सामर्थ्य दररोज येतें आणि सायंकाळीं निघून जातें.

या सामर्थ्यास घरांत कसें आणावें, हा प्रश्न सुमारें अडीचशें वर्षांचा आहे. त्याचा इतिहास सामान्यतः शास्त्रज्ञांचा आणि त्यांच्या यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु त्यांत आणखी एक धागा आहे, आणि गृहस्थाच्या दृष्टीनें तोच अधिक महत्त्वाचा होय. सूर्यशक्तीचें यंत्र कोणाच्या हातीं होतें, तें बिघडल्यास कोण दुरुस्त करूं शकत होतें, आणि त्याची किंमत कोणास परवडत होती, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरच त्या यंत्राचें भवितव्य ठरत आलें आहे.

या इतिहासाचा आरंभ एका साध्या पेटीनें होतो. १७६७ सालीं जिनिव्हा येथील ओरास बेनेदिक्त द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञानें एकांत एक बसतील अशीं कांचेचीं पांच खोकीं करून तीं उन्हांत ठेविलीं. आंतलें खोकें पाणी उकळण्याच्या जवळपास येईल इतकें तापलें. पुढें त्यानें लांकडाची पेटी घेऊन तीस आंतून काळें बूच लाविलें व वर कांचेचीं तीन आवरणें बसविलीं. तेव्हां आंतील उष्णता १०९ अंश सेंटिग्रेडपर्यंत चढली. ऊन कांचेंतून आंत शिरतें, पण त्यापासून झालेली उष्णता तितक्या सहजपणें बाहेर पडूं शकत नाहीं, हें रहस्य या पेटींत आहे. कोणाहि सुताराला ती एका दिवसांत करतां आली असती. सत्तर वर्षांनंतर ज्योतिषी सर जॉन हर्शेल दक्षिण आफ्रिकेंत केप येथें ताऱ्यांचें वेध घेत असतां त्यानेंहि अशीच एक पेटी केली आणि तींत मांस व अंडीं शिजवून भोंवतीं जमलेल्या मंडळींस खाऊं घातलीं. पण हर्शेलच्या लेखीं ती एक करमणूक होती. स्वयंपाकघराचा प्रश्न त्याच्यापुढें नव्हता.

तो प्रश्न गंभीरपणें मनांत घेणारा पहिला पुरुष म्हणजे फ्रान्समधील तूर गांवचा गणिताचा शिक्षक ऑगुस्तँ मूशो. दगडी कोळसा हा जमिनींत पुरलेला ठेवा आहे, तो कधीं ना कधीं संपणार, मग यूरोपांतील कारखान्यांनीं काय करावें, ही चिंता त्यास १८६० पासून लागली होती. त्यानें रुपेरी मुलाम्याच्या पत्र्याचा मोठा शंकु करून त्याच्या मध्यभागीं पाण्याचें पात्र ठेविलें व त्यांतील वाफेवर यंत्र चालवून दाखविलें. १८७८ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत त्यानें उन्हाच्या जोरावर बर्फ तयार केला, तेव्हां लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं. परंतु त्याच सुमारास इंग्लंडचा कोळसा फ्रान्समध्यें स्वस्त येऊं लागला होता. सरकारनें मूशोच्या यंत्राचा हिशेब करविला, तें महाग ठरलें, आणि त्याला मिळणारी मदत आटली. सूर्यशक्तीच्या प्रत्येक प्रयत्नाला पुढें याच हिशेबास तोंड द्यावें लागलें आहे.

मूशो पॅरिसमध्यें गाजत होता, त्याच वर्षीं मुंबईंत एक इंग्रजी पुस्तक छापून निघालें. 'सूर्याची उष्णता : उष्ण प्रदेशांत जळणास पर्याय' असा त्याच्या नांवाचा अर्थ होता. कर्ता होता विल्यम ॲडम्स, मुंबईच्या एका सरकारी कचेरींतील उपनिबंधक. कचेरींतील कागद हाताळणाऱ्या या गृहस्थानें मूशोच्या प्रयोगांची हकीगत वाचली आणि त्याच्या मनांत आलें कीं, ज्या देशांत सूर्य वर्षांतून तीनशें दिवस तळपतो आणि कोळसा मात्र जहाजानें आणावा लागतो, तोच देश या विद्येचें खरें घर होय. मूशोचा वांकविलेला पत्रा महाग पडतो आणि लवकर काळवंडतो, हें ओळखून त्यानें बाजारांत मिळणारे साधे सपाट आरसे घेतले व ते लांकडी चौकटींत अशा रीतीनें बसविले कीं, प्रत्येकाचा कवडसा एकाच तपेल्यावर पडावा. सूर्य सरकेल तशी चौकट रुळावरून ढकलीत नेण्यास एक मनुष्य पुरे होई. मध्य कुलाब्यांतील जागेंत त्यानें या आरशांच्या उष्णतेवर अडीच अश्वशक्तीचा वाफेचा पंप चालवून दाखविला. त्याचप्रमाणें त्यानें उन्हावर चालणारी एक चूलहि तयार केली, आणि जानेवारीच्या थंडींत सात शिपायांचें मांस व भाजी एवढें जेवण तिच्यावर दोन तासांत शिजविलें.

ॲडम्सचें स्थान या इतिहासांत विशेष मानलें पाहिजे. तो व्यवसायानें शास्त्रज्ञ नव्हता, त्याच्यापाशीं प्रयोगशाळा नव्हती, आणि बाजारांत सहज मिळणाऱ्या वस्तूंतूनच त्यानें आपलें काम साधलें. स्वतःच्या हातानें, थोड्या खर्चांत, घरापुढच्या जागेंत सूर्य राबविण्याचा हा हिंदुस्थानांतील पहिल्या प्रयत्नांपैकीं एक होय. तथापि मुंबईच्या गिरण्यांचीं धुराडीं विलायती कोळशावर धूर ओकीत राहिलीं, आणि ॲडम्सचें पुस्तक ग्रंथालयांत पडून राहिलें. यंत्र चालत होतें. पण तें दिवसभर ढकलीत बसण्यास मनुष्य लागे, आणि सूर्य मावळला कीं कामहि मावळे. गिरणीमालकास कोळशाचें बिल पतकरलें, ढगांची लहर पतकरली नाहीं.

हीच गोष्ट पाऊणशें वर्षांनीं पुन्हा घडली. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनें एक सौर चूल तयार केली. ॲल्युमिनियमची चकचकीत परात उन्हाकडे तोंड करून बसवावयाची आणि तिच्या कवडशावर पातेलें ठेवावयाचें, अशी तिची रचना होती. १९५४ सालीं सूर्य आणि वारा यांच्या शक्तीविषयीं नवी दिल्लींत आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हां या चुलीचें कौतुकहि झालें. पण ती घरांत रुजली नाहीं. कारणें शोधावयास फार लांब जावें लागत नाहीं. स्वयंपाक करणाऱ्या बाईनें भर दुपारीं उघड्या अंगणांत उभें राहावें, दर थोड्या वेळानें परात फिरवावी आणि संध्याकाळचा स्वयंपाक मात्र पुन्हा लांकडांवरच करावा, असा तो व्यवहार होता. भाकरी भाजणें, फोडणी देणें या गोष्टी तीवर नीट साधत नव्हत्या. चुलीची उष्णता मोजणाऱ्यांनीं ती बरोबर मोजली होती; स्वयंपाकघरांतील दिनक्रम मात्र कोणीं मोजला नव्हता. गृहिणीस न विचारतां गृहिणीसाठीं केलेलें यंत्र अडगळींत जाऊन पडतें, हा धडा तेथें मिळाला.

दरम्यान सूर्यशक्तीची दुसरी एक वाट उघडत होती. तीत वाफ नव्हती, आरसे नव्हते, आणि एकहि फिरणारा भाग नव्हता. १८३९ मध्यें एकोणीस वर्षांच्या एदमाँ बेकरेल या फ्रेंच तरुणास आढळून आलें कीं, विशिष्ट द्रवांत बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांवर उजेड पडला असतां विजेचा प्रवाह सुरू होतो. १८७३ मध्यें समुद्रांतील तारा तपासतांना विलोबी स्मिथ या इंग्रज तारतज्ज्ञास सेलेनियम या द्रव्याची प्रकाशाप्रमाणें बदलणारी वृत्ति दिसली. १८८३ मध्यें न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्स यानें सेलेनियमचा थर पसरून त्यावर सोन्याचा अतिशय पातळ वर्ख दिला आणि जगांतील पहिलें सौर पटल तयार केलें. त्यावर पडणाऱ्या प्रकाशांतून शेंकडा एक हिस्साहि वीज मिळत नसे. सोनें लावून एवढीच वीज मिळत असेल तर त्यापेक्षां तेलाचा दिवा काय वाईट, असें व्यवहारी मनुष्यानें म्हटलें तर त्याला दोष देतां येणार नव्हता.

या वाटेस खरें वळण मिळालें तें टेलिफोनमुळें. उष्ण व दमट प्रदेशांत टेलिफोनच्या कोरड्या बॅटऱ्या लवकर निकामी होत, म्हणून अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें डॅरिल चॅपिन या इंजिनियरास दुसरा एखादा उपाय शोधण्यास सांगितलें. चॅपिन सेलेनियमशीं झटापट करीत असतां त्याचा स्नेही जेराल्ड पिअर्सन यानें त्यास सिलिकॉन वापरून पाहण्यास सुचविलें, आणि रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन फुलर यानें त्या सिलिकॉनवर योग्य संस्कार केले. २५ एप्रिल १९५४ रोजीं या तिघांचें संशोधन जगापुढें मांडण्यांत आलें. उजेडापुढें धरलेल्या सिलिकॉनच्या पट्ट्यांनीं एक खेळण्यांतला पाळणा फिरविला, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच शक्तीवर नभोवाणीच्या एका छोट्या यंत्रानें मनुष्याचा आवाज व गाणें दूर पाठविलें. पडलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा सहा हिस्सा आतां विजेंत उतरत होता.

सिलिकॉन म्हणजे वाळूंतील मूलद्रव्य. तें जगांत कोठेंहि कमी नाहीं. तेव्हां आतां घरोघरीं फुकट वीज होणार, अशा बातम्या वर्तमानपत्रांनीं दिल्या. चॅपिन मात्र हिशेबी मनुष्य होता. १९५६ मध्यें त्यानें आंकडेमोड केली : एका वॅटला २८६ डॉलर पडतात, तेव्हां एका अमेरिकन घराला पुरेल इतकी वीज करावयाची तर केवळ पटलांसच १४,३०,००० डॉलर लागतील. ज्यानें हें यंत्र शोधिलें त्यानेंच तें गृहस्थाच्या आवांक्याबाहेरचें आहे असें सिद्ध करावें, हा योग विलक्षण होता.

जेथें किंमतीची पर्वा नसते अशी एकच जागा त्या काळीं होती, ती म्हणजे अंतराळ. १७ मार्च १९५८ रोजीं अमेरिकेनें सोडलेल्या व्हॅनगार्ड या छोट्या उपग्रहावर साधी बॅटरी आणि सौर पटलें, दोन्ही होतीं. बॅटरी थोड्याच दिवसांत संपली. सूर्यावर चालणारें यंत्र मात्र १९६४ पर्यंत बोलत राहिलें. पुढें १९७० नंतरच्या दशकांत एलियट बर्मन या रसायनशास्त्रज्ञानें अंतराळाच्या कसोटींतून नाकारलेलें हलक्या प्रतीचें सिलिकॉन घेऊन आणि वेष्टणाची रीत साधी करून एका वॅटची किंमत शंभर डॉलरांवरून वीस डॉलरांवर आणली. समुद्रांतील दीप, तेलविहिरींचे मंच, दूरच्या रेल्वेचे इशारे अशा ठिकाणीं पटलें बसूं लागलीं. तीं जमिनीवर उतरलीं होतीं, पण घरावर अजून चढलीं नव्हतीं.

घरावर तीं प्रथम चढलीं तीं कोणत्याहि सरकारच्या योजनेनें नव्हे. शहर सोडून कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत राहावयास गेलेल्या तरुण कुटुंबांच्या हातून तीं चढलीं. तेथें विजेच्या तारा पोंचल्या नव्हत्या. हे लोक मोटारीच्या बॅटरीवर रात्रीं दिवा व रेडिओ चालवीत आणि दुसऱ्या दिवशीं मोटार हांकून ती पुन्हा भरून घेत. त्यांतील कांहीं जण गांजाची चोरटी लागवड करणारे होते, ही गोष्टहि इतिहास लपवीत नाहीं. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची, आणि एक लहानसें सौर पटलहि तीच भरण्यास योग्य. तेव्हां छपरावर एक पटल खिळून त्याची तार बॅटरीस जोडावी, हा शोध त्यांना आपोआप लागला. १९८७ मध्यें ओरेगॉनच्या डोंगरांत राहणाऱ्या रिचर्ड आणि करेन पेरेझ या दांपत्यानें 'होम पॉवर' नांवाचें नियतकालिक सुरू केलें. घरगुती विजेचे नकाशे, चुका, खर्च आणि दुरुस्त्या यांची देवाणघेवाण त्यांतून २०१८ पर्यंत चालली. सूर्यशक्तीची विद्या तोपर्यंत शास्त्रीय निबंधांत होती; ती आतां सुताराच्या आणि शिक्षकाच्या भाषेंत उतरली.

ती विद्या मूळांत कठीण नाहीं. सिलिकॉनची एक चकती उन्हांत सुमारें अर्धा व्होल्ट देते. अशा छत्तीस चकत्या ओळीनें जोडल्या म्हणजे सुमारें अठरा व्होल्ट होतात, आणि बारा व्होल्टची बॅटरी भरण्यास तेवढे पुरतात. पटल व बॅटरी यांच्यामध्यें एक नियामक असतो. बॅटरी भरली कीं तो प्रवाह अडवितो, आणि ती फार उतरूं लागली कीं दिवे बंद करितो. घरांतील नेहमींचे पंखे चालवावयाचे तर एकदिश प्रवाहाचा उलटसुलट प्रवाह करणारें इन्व्हर्टर लागतें. उत्तर गोलार्धांत पटलाचें तोंड दक्षिणेस असावें आणि त्याचा कल साधारणतः गांवाच्या अक्षांशाइतका असावा. मुंबईस एकोणीस अंश, नागपुरास एकवीस. चकत्या सांखळीप्रमाणें ओंवलेल्या असल्यानें एका कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीची किंवा नारळीच्या झावळीची सावली पडली तरी सगळ्या सांखळीचा प्रवाह मंदावतो. उष्णतेनेंहि पटलाची शक्ति घटते. म्हणून पटल पत्र्यास चिकटवून न बसवितां त्याखालून वारा खेळेल एवढी जागा ठेवावी लागते.

या साध्या नियमांचें मोल काय, हें केनियाच्या इतिहासांत दिसून येतें. १९८४ मध्यें मेरू प्रांतांतील एका माध्यमिक शाळेंत डिझेलचें यंत्र आणावयाचें घाटत होतें. तेथें मार्क हँकिन्स हा अमेरिकन स्वयंसेवक शिक्षक होता. हॅरॉल्ड बरिस या इंजिनियराच्या मदतीनें शाळेनें डिझेलऐवजीं पटलें बसविलीं आणि तीं बसविण्याचें शिक्षण गांवच्या कारागिरांस दिलें. मुलें रात्रीं उजेडांत अभ्यास करूं लागलीं. तें पाहून शिक्षकांनीं स्वतःच्या घरांवर पटलें घेतलीं, शिक्षकांचें पाहून चहाच्या मळेवाल्यांनीं घेतलीं, आणि सरकारचें फारसें साहाय्य नसतां विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत लाखाहून अधिक कुटुंबांनीं आपल्या पैशानें आपल्या छपरावर सूर्य बसविला. दहाबारा वॅटचें पटल दुकानांतून काखेंत मारून घरीं आणावें, मोटारीची बॅटरी जोडावी, आणि एक दिवा, एक रेडिओ, फार तर एक काळापांढरा दूरदर्शन संच चालवावा, अशी ती घरगुती व्यवस्था असे.

परंतु या कथेस दुसरी बाजू आहे. पैसे वांचविण्यासाठीं पुष्कळांनीं नियामक घेतलाच नाहीं. परिणामीं बॅटरी रोज तळापर्यंत उतरे, आणि वर्षा-दोन वर्षांत ती निकामी होई. कांहीं दुकानांत सांगितल्यापेक्षां कमी शक्तीचीं पटलें विकलीं गेलीं, आणि तीं मोजून पाहण्याचें साधन गिऱ्हाइकाजवळ नव्हतें. ज्या कुटुंबानें वर्षभराची शिल्लक त्यांत घातली होती, त्याच्या घरांत पुन्हा रॉकेलची चिमणी पेटली. स्वस्त वस्तु आणि स्वस्त पडणारी वस्तु यांतील अंतर तेथें गरिबांच्या खिशांतून भरून निघालें. एका नियामकाची किंमत वांचविली, आणि बॅटरीची किंमत पुनःपुन्हा मोजली.

भारतांतील घटनाहि याच दृष्टीनें पाहण्यासारख्या आहेत. १९७४ मध्यें स्थापन झालेल्या साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यानें १९७७ मध्यें देशांतील पहिली सौर चकती आणि १९७८ मध्यें पहिलें पटल तयार केलें. परंतु पटल तयार होणें आणि तें झोंपडीवर टिकणें यांत मोठें अंतर होतें. राजस्थानांतील तिलोनिया येथें बंकर रॉय यांनीं १९७२ मध्यें स्थापिलेल्या संस्थेनें तें तोडण्याचा एक मार्ग काढला. दिव्यांचीं मंडलें जोडण्याचें आणि दुरुस्त करण्याचें शिक्षण तिनें खेड्यांतील, बहुधा अक्षरओळखहि नसलेल्या, प्रौढ स्त्रियांस दिलें. तारांच्या रंगांवरून आणि हाताच्या खुणांवरून त्या शिकल्या. पुढें परदेशांतील खेड्यांतून आलेल्या, भाषा न जाणणाऱ्या स्त्रियाहि याच पद्धतीनें तेथें शिकून गेल्या. तरुण मनुष्य विद्या घेऊन शहराची वाट धरतो, आजी मात्र गांवांतच राहते, हें व्यवहारज्ञान त्यामागें होतें.

कर्नाटकांत १९९५ मध्यें हरीश हांडे यांनीं सुरू केलेल्या व्यवसायानें दुसऱ्या अडचणीस हात घातला. ती अडचण रोख पैशाची होती. एका फेरीवालीनें आपणांस सांगितलेली गोष्ट हांडे सांगत असत : महिन्याला तीनशें रुपये देणें तिला जड होतें, पण दिवसाला दहा रुपये देणें जड नव्हतें. हिशेब एकच, पण मिळकत जशी हातीं येते तसा हप्ता पाहिजे, एवढेंच तिचें म्हणणें. खेड्यांतील बँकांना हें पटवून दिल्यावर ज्यांना पटल घेणें अशक्य वाटत होतें त्यांच्या घरांत दिवे लागले. २०११ मध्यें हांडे यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. महाराष्ट्रांत मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेनें तिसरी दिशा घेतली. विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे दहा लक्ष सौर दिवे खेड्यांतच जोडावेत, खेड्यांतच विकावेत आणि खेड्यांतच दुरुस्त व्हावेत, अशी योजना तिनें २०१४ च्या सुमारास हातीं घेतली. आणि २०१८ च्या गांधीजयंतीस हजारों शाळकरी मुलांनीं एकत्र बसून आपापला सौर दिवा आपल्या हातानें जोडला. ज्या मुलानें दिवा स्वतः जोडला त्याला तो उघडण्याची भीति वाटत नाहीं, हा त्यांतील अर्थ.

या सर्व काळांत किंमत सतत उतरत होती. जपान, जर्मनी आणि पुढें चीन यांनीं कारखाने वाढविले. चॅपिनच्या हिशेबांतील २८६ डॉलरांचा वॅट २०२४ मध्यें घाऊक बाजारांत दहा सेंटांच्या आसपास मिळूं लागला. त्याच वर्षीं जर्मनींत एका नव्या प्रकारच्या सूर्यप्रपंचास कायद्यानें मोकळीक दिली. तेथें एक-दोन पटलें सज्जाच्या कठड्यास बांधून, त्यांचें छोटें इन्व्हर्टर सरळ भिंतीवरील खुंटीस जोडण्याची रीत पडली होती. मे २०२४ मध्यें त्याची मर्यादा सहाशें वॅटवरून आठशें वॅट करण्यांत आली, नोंदणी सुलभ झाली, आणि त्याच वर्षीं भाडेकरूलाहि असें पटल लावण्याचा हक्क मिळाला. सबळ कारणाशिवाय घरमालकास नाहीं म्हणतां येत नाहींसें झालें. २०२५ च्या मध्यापर्यंत तेथें अशा दहा लक्षांहून अधिक सज्जांची नोंद झाली. बाहेरील वीज गेली कीं हीं इन्व्हर्टरें तत्काळ आपला प्रवाह थांबवितात. नाहींतर तारेवर काम करणाऱ्या मनुष्याच्या जिवास धोका झाला असता. मोकळीक आणि सुरक्षितता यांची सांगड तेथें यंत्रांतच घातली आहे.

भारतांत १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं एक कोटी घरांच्या छपरांवर पटलें बसविण्याची पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट वा अधिकास ७८,००० रुपये असें अनुदान तिनें ठरविलें. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक दिव्यांसाठीं व पंपांसाठीं दर किलोवॅटला १८,००० रुपये वेगळे ठेविले. अनुदान हवें असेल तर पटलें नोंदलेल्या कारागिराकडूनच बसवून घ्यावीं, अशी तिची अट आहे. एक किलोवॅटला सुमारें शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि महाराष्ट्रांत त्यापासून सरासरीनें दिवसास चार युनिट वीज मिळते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे गृहस्थास आपला हिशेब आपणच करतां येतो.

मग स्वतःच्या हातानें करण्यासारखें काय उरतें? बाहेरील तारांशीं संबंध नसलेलें एक पटल, एक नियामक, एक बॅटरी, दोन दिवे आणि एक पंखा, एवढा प्रपंच थोडी माहिती असलेला मनुष्य आजहि उभा करूं शकतो, आणि केनियाच्या कुटुंबांनीं मोजलेली किंमत त्यास वांचवितां येते. नियामक कधीं गाळूं नये. बॅटरीच्या तारेंत, बॅटरीच्या अगदीं जवळ, फ्यूज असावाच. ऊन असेपर्यंत पटल बंद करतां येत नाहीं, म्हणून जोडणी करतांना त्यावर जाड कापड टाकावें. चौकट वादळी वाऱ्यास तोंड देईल इतकी घट्ट असावी, कारण कोंकणांतील पावसाळी वारा पटलास शिडाप्रमाणें धरतो. आणि छपरावर एकट्यानें चढूं नये. सरकारी तारांशीं जोडणी मात्र जाणत्या व परवानाधारक माणसाकडेच द्यावी.

शहरांतील अनेक कुटुंबांपुढें आज निराळाच प्रश्न उभा आहे. त्यांच्या घराला छप्परच नाहीं. आहे तो सज्जा, आणि डोक्यावर आहे दुसऱ्या बिऱ्हाडाची फरशी. गच्ची सर्वांची असते, म्हणजे पुष्कळदां कोणाचीच नसते. तीवर पाण्याच्या टाक्या, दूरदर्शनच्या तबकड्या आणि मोडकें सामान यांची वस्ती असते. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडास गळतीची भीति वाटते, खालच्यास आपला वांटा मिळेल कीं नाहीं याची शंका येते, आणि ठराव पुढील सभेवर ढकलला जातो. मूशोस कोळशानें हरविलें आणि दिल्लीच्या चुलीस स्वयंपाकघरानें नाकारलें. आतां किंमत उतरली, विद्या सोपी झाली, सरकारनें हात पुढें केला; अशा वेळीं शेजाऱ्याशेजाऱ्यांतील अविश्वासानें हें काम अडलें तर त्याचा दोष कोणत्याहि शास्त्रज्ञावर जाणार नाहीं.

कुलाब्याच्या मोकळ्या जागेंत आरशांची चौकट सूर्यामागें ढकलणाऱ्या त्या उपनिबंधकास हा प्रदेश सूर्यशक्तीचें खरें घर वाटला होता. त्याचें अनुमान चुकीचें नव्हतें. जुन्या चाळींतून वाळवणाच्या दिवसांत गच्चीचा एकेक कोपरा बिऱ्हाडांत वांटला जाई. कोणाचे पापड कोठें, हें बायका आपसांत ठरवीत, आणि कावळे हांकण्याची पाळीहि ठरलेली असे. तेवढा समजुतीचा व्यवहार पुन्हा जमला तर त्याच गच्चीवरचें ऊन घरांत आणण्यास दुसरें कांहीं कमी नाहीं.